पान उतरवण्याची समिती

क्लीव्हलंडच्या पूर्व भागात कृष्णवर्णीय संगणक व्यावसायिकांची एक संघटना आहे. तिचे साठएक सभासद आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण एका संध्याकाळात वेबसाइट उभी करू शकतो. संघटनेला धड वेबसाइट नाही, त्याचं कारण हेच.

अगदीच नाही असं म्हणणंही बरोबर नव्हे. एक आहे. तिच्यावर कुठल्याशा जुन्या नाताळच्या मेजवानीचा फोटो आहे. फोटोतल्या एका जोडप्याचा घटस्फोट झालाय, खजिनदार देवाघरी गेलेत, आणि मधोमध केक कापताना दिसतो तो रेजी ऱ्होड्स अटलांटाला निघून गेलाय. जाताना वेबसाइटचा पासवर्डही घेऊन गेला. रेजीने एकदा मथळ्याचा रंग सभेला न विचारता बदलला होता. त्याबद्दल त्याच्यावर नापसंतीचा ठराव झाला आणि त्याने तो मनाला लावून घेतला. पासवर्ड परत मागणारं पत्र त्याला पाठवावं असं सभेत ठरलं. मसुदा पत्रव्यवहार समितीकडे गेला. सुरुवातीला 'प्रिय ब्रदर ऱ्होड्स' म्हणावं की नुसतं 'श्री. ऱ्होड्स', यावरून समितीत दोन तट पडले, आणि मसुदा अजून तिथेच आहे.

फोटोखाली लाल अक्षरांत एक ओळ होती: 'शनिवारचा संगणक वर्ग भरला आहे. कृपया पुढच्या वर्षी प्रयत्न करा.' रेजीने ती लिहिली त्या वर्षी वर्ग खरोखरच भरला होता. पुढे वर्ग ओस पडत गेला आणि ओळ तशीच राहिली.

या ओळीने अर्लीन गॅडिसच्या डोक्यात तिडीक जायची. अर्लीनबाईंनी साठी ओलांडली होती. एका विमा कंपनीत उभा जन्म मोठ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहून त्या निवृत्त झाल्या होत्या. शाळकरी पोरांचा हा शनिवारचा वर्ग त्याच चालवत. त्या स्वतः कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. याच संघटनेतल्या एका बाईंनी त्यांना शनिवारी शनिवारी बसवून शिकवलं म्हणून टाइपरायटरवरून उठून यंत्राच्या खोलीत गेल्या. तेव्हापासून शनिवार म्हणजे वर्ग हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. वर्षाच्या शेवटी त्यातूनच पोरांचा एक संघ निवडायचा आणि देशभरच्या स्पर्धेला न्यायचा. गेल्या वर्षी संघ गेलाच नाही. वर्गाला तीन पोरं आली. त्यांतली दोघं भावंडं होती आणि त्यांचा खरा जीव दुपारच्या सँडविचमध्ये होता.

पोरं येत का नाहीत याचं उत्तर शोधायला संघटनेने एक समिती नेमली होती. अर्लीनबाईंनी त्या समितीला सांगितलं की वेबसाइटवर वर्ग भरलाय असं लिहिलंय म्हणून आयाबाया फोनसुद्धा करत नाहीत. समितीने हे विधान अभ्यासासाठी ठेवून घेतलं.

आता नव्या वेबसाइटची समितीही होती, आणि तिच्या अध्यक्ष होत्या खुद्द अर्लीन गॅडिस. त्या कशा झाल्या? चार वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सभेत बाहेर बर्फ उपसणारी गाडी आली, म्हणून आपली मोटार हलवायला त्या पाच-दहा मिनिटं उठून गेल्या. परत आल्या तर सगळे टाळ्या वाजवत होते. जो खोलीत नाही तोच सर्वांत लायक, असा संघटनेचा अलिखित नियम आहे. याच नियमाने एक गृहस्थ स्वच्छतागृहातून उपाध्यक्ष होऊन बाहेर आले. बरं, राजीनामा द्यावा तर तो स्वीकारायला ठराव लागतो, ठरावाला अनुमोदन लागतं, आणि अनुमोदन देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की मोकळी झालेली खुर्ची आता कुणाच्या गळ्यात पडणार. अर्लीनबाईंचा राजीनामा दर सभेला वाचला जाई. सभा तो आदराने ऐके. अनुमोदन कुणी देत नसे.

समितीत तिघं खंदी माणसं होती. एक कॉर्नेल बीझली. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वय चाळिशीतलं, बोलणं कायम उभ्याने. वेबसाइट बांधायची तर मुळापासून, उद्या दहा लाख लोक आले तरी कोलमडणार नाही अशी बांधायची, हा त्याचा आग्रह. दहा लाख लोक कुठून येणार, असं विचारलं की तो म्हणे, हीच आपल्या लोकांची खोड, आपण लहान विचार करतो. दुसरी इमानी विल्क्स. तिशीतली, हुशार, एका इस्पितळात चोरांपासून यंत्रं राखण्याच्या कामावर. तिच्या मते कुठलीही वेबसाइट सुरक्षित नसते, आणि म्हणून पूर्ण तपासणी झाल्याशिवाय ती सुरूच करू नये. आणि तपासणी तर वेबसाइट सुरू झाल्यावरच करता येते. तिसरे ओझी क्रॉकेट, वय ऐंशीच्या घरात. त्यांना वेबसाइटचं काही नव्हतं. सभाशास्त्राचं पुस्तक बगलेत मारून ते येत आणि कोण नियमाबाहेर जातंय याच्यावर डोळा ठेवून बसत. चर्चमध्ये, बंधुसंघाच्या लॉजमध्ये, कॉलेजच्या जुन्या बंधुमंडळात, जिथे जिथे चार माणसं आणि अध्यक्षाची एक हातोडी जमते तिथे तिथे क्रॉकेट आयुष्यभर हेच करत आले होते.

वर्ग भरायचा तो चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. हॉल कुणाला कधी द्यायचा हे पास्टर ठरवतात असं पास्टर समजत. प्रत्यक्षात ते मदर पेटीग्रू ठरवायच्या. चर्चमधली सर्वांत वडीलधारी म्हणून 'मदर', नव्वदीला टेकलेली बाई, रविवारी पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, आणि पुढचा बाक. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर त्यांनी अर्लीनबाईंचं कोपर धरून त्यांना बाजूला घेतलं.

"अर्लीन, तुझ्याकडं पोरं आहेत का गं, का नुसते कंप्युटरच आहेत?"

अर्लीनबाई म्हणाल्या की पोरं येतील, जरा वेबसाइटचं अडलंय.

"ते मला नको सांगू. आमची म्हातारी मंडळी रांगेत नाचायला हॉल मागतायत. चाळीस जण आहेत. गुडघे बदललेले, पण हौस दांडगी. जानेवारीत किंग जयंतीच्या सुटीनंतरच्या शनिवारी तुझा हॉल भरलेला दिसला तर तुझा. नाहीतर मी त्यांना देणार बाई. रिकाम्या खुर्च्यांसाठी मी हीटर लावत नाही."

या भागात बंद पडलेली गोष्ट पुन्हा उघडत नाही, हे अर्लीनबाईंना पुरतं ठाऊक होतं. किराण्याचं मोठं दुकान तात्पुरतं म्हणून बंद झालं, तिथे आता गवत आहे. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी म्हणून रिकामा केला, त्यात आता झाड आहे. एकदा का तिथे म्हातारी मंडळी रांगेत नाचू लागली की वर्ग गेला तो कायमचा.

डिसेंबरच्या सभेत त्यांनी हे सगळं सांगितलं. अध्यक्षबाई वांडा स्टॉलवर्थ, बँकेत पन्नास माणसं हाताखाली, स्वभावाने गोड, फक्त कुणाला 'नाही' म्हणता येत नसे, त्यांनी विषय ताबडतोब चर्चेला घेतला. बीझलीने भिंतीवर एक आकृती दाखवली, तिच्यात सतरा चौकोन आणि अगणित बाण होते. इमानीने प्रत्येक बाण चोराला आत यायला कसा सोयीचा आहे ते समजावून दिलं. क्रॉकेट म्हणाले की आकृती दाखवण्याआधी सभेची परवानगी घेतली नव्हती, सबब सभेने ती पाहिलेली नाही असं धरावं. मग सभेने न पाहिलेल्या आकृतीवर तासभर चर्चा केली. शेवटी जेवणाची वेळ झाली, कोंबडीचे पंख गार होऊ लागले, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

अर्लीनबाई घरी आल्या आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसल्या. नवरा थर्मन मासे तळत होता. आयुष्यभर शहराची बस चालवलेला माणूस. संघटनेबद्दल त्याचं मत त्याला कुणी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते ठाम होतं.

"काय ठरलं आज?" त्याने विचारलं.

"जानेवारीत ठरवायचं ठरलं."

थर्मनने मासा उलटला. "माझ्या बसमध्ये साठ माणसं बसायची अर्ली. प्रत्येकाला रस्ता माहीत असायचा. पण स्टिअरिंग एकाच्या हातात, म्हणून बस स्टॉपावर पोचायची."

"हे मला चाळीस वर्षं ऐकवतोयस तू."

"आणि तू चाळीस वर्षं त्याच बसमध्ये बसलीयस. ऊठ, हात धू."

अर्लीनबाईंनी हात धुतले, जेवल्या, आणि मग त्याच टेबलावर त्यांनी पाप केलं. इंटरनेटवर तयार साच्याची पानं फुकट मिळतात, नखं रंगवून देणाऱ्या बायका आणि कुत्री फिरवणारी मुलं वापरतात तसली. त्यातलं एक त्यांनी उघडलं. वर संघटनेचं नाव घातलं. खाली लिहिलं की शनिवारचा संगणक वर्ग सुरू होतोय, फी नाही, जेवण आहे, सहावीपासून पुढची सर्व पोरं या, इथे नाव लिहा. भांडी विसळायला थर्मनला जेवढा वेळ लागला त्याच्या आत पान तयार होतं. चार वर्षं समितीने जे केलं नाही ते एकटीने केल्यावर माणसाला आनंद व्हावा. अर्लीनबाईंना चोरी केल्यासारखं वाटलं.

पण वाटून घ्यायला वेळ नव्हता. पानाचा पत्ता त्यांनी भाचीला पाठवला, तिने तिच्या केस विणायच्या दुकानात लावला. थर्मनने तो न्हाव्याकडे नेला. तिथे शनिवारी अर्धा पूर्व भाग आपली पाळी यायची वाट बघत बसलेला असतो. मदर पेटीग्रूंनी स्वतः व्यासपीठावरून जाहीर केला, आणि मदर पेटीग्रू जाहीर करतात तेव्हा ती सूचना नसते. नाताळापर्यंत नावं इतकी आली की अर्लीनबाईंनी दुसऱ्या चर्चमधून टेबलं उसनी मागितली.

किंगच्या सुटीनंतरच्या शनिवारी हॉल भरला. जिन्यावर ओले बूट, हातात डबे, आणि आया दारातून हलायला तयार नाहीत. मदर पेटीग्रू खाली उतरल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, म्हणाल्या, "नाचणाऱ्यांना मी मंगळवार देते," आणि हीटर वाढवून वर गेल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संघटनेची सभा अजून व्हायची होती.

जानेवारीत ठरलेली सभा झाली फेब्रुवारीत. वर्गामुळे हॉल मिळाला नाही, तेव्हा वरच्या मजल्यावर, गायकवृंदाच्या सरावाच्या खोलीत. प्रार्थना झाली, हातोडी वाजली, आणि कॉर्नेल बीझली उभा राहिला. खरं तर तो बसलाच नव्हता.

"अध्यक्षबाई, एक अनधिकृत पान आपल्या संघटनेच्या नावाने चालू आहे. ते ताबडतोब उतरवावं असा मी ठराव मांडतो."

अनुमोदन चारही बाजूंनी आलं. मग एकेकाने आपल्या मनातलं मोकळं केलं. वर्ग चांगला चाललाय, याचं प्रत्येकाने आधी कौतुक केलं. आणि म्हणूनच ज्या पानामुळे तो चाललाय ते उतरवणं किती जरुरीचं आहे ते सांगितलं. एका सभासदाला पानावरचा सोनेरी रंग पिवळा वाटला. संघटनेचा सोनेरी वेगळा, तो संस्थापकांनी ठरवलेला. इमानी विल्क्सने शांतपणे विचारलं की मुलांची नावं कुठे साठतात याची चौकशी मिस अर्लीननी (वडीलधाऱ्या बाईला तिथे मानाने 'मिस' म्हणतात) केलीय का, आणि हा प्रश्न एकटाच खरा असल्यामुळे त्यावर कुणी फारसं बोललं नाही. अर्लीनबाई म्हणाल्या की केलीय. नावं मी रोज उतरवून घेते आणि तिथून पुसते. इमानीने मान हलवली आणि तरीही पान उतरवावं असं सांगितलं, कारण तपासणी झालेली नाही. ओझी क्रॉकेट म्हणाले की जे समितीने केलं नाही ते नियमाप्रमाणे घडलेलंच नाही, मग खाली हॉलमध्ये कितीही पोरं बसलेली असोत.

बीझली पुन्हा बोलू लागला. "मिस अर्लीन, तुमच्याबद्दल मला आदर आहे. माझी आई तुमच्याबरोबर गायनात होती. पण हे काय वापरलंत? नखंवाल्या बायकांचं साधन. आपण अभियंते आहोत. लोक काय म्हणतील?"

"नखंवाल्या बायकांकडं पुढच्या महिन्यापर्यंत जागा नाही, कॉर्नेल," अर्लीनबाई म्हणाल्या. "मी फोन केला होता."

दोन-तीन जण हसले. पण हसणं निराळं आणि मत निराळं. अर्लीनबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. हात वर यायच्या तयारीत होते. काहींनी तर बाह्यासुद्धा सारल्या होत्या. पान उतरलं की जुनी वेबसाइट तेवढी उरणार, तिच्यावर वर्ग भरलेला असणार, आणि संघासाठी मार्चमध्ये दुसरी तुकडी घ्यायची होती ती कुठून येणार. समजावून उपयोग नव्हता. चार वर्षं त्यांनी समजावण्यातच घालवली होती. रागाने त्यांचे कान तापले. ओरडावंसं वाटलं, उठून जावंसं वाटलं, पण उठून गेलं तर आपण परत येईपर्यंत कशाच्या तरी अध्यक्ष होऊ ही धास्ती होती.

आणि मग चार वर्षांचं सगळं शिक्षण एकदम कामी आलं. त्या उभ्या राहिल्या, स्वेटर नीट केला, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या:

"अध्यक्षबाई, ब्रदर बीझली म्हणतात ते खरं आहे. विषय फार मोठा आहे. असा विषय जेवणाआधी घाईघाईत निकालात काढणं संघटनेला शोभत नाही. पान कसं उतरवावं याचा सांगोपांग विचार करण्यासाठी एक समिती नेमावी आणि मूळ ठराव तिच्याकडं सोपवावा, अशी माझी सूचना आहे."

सभासदांचे चेहरे उजळले. क्रॉकेटनी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, आणि भरल्या गळ्याने सांगितलं की सोपवण्याची सूचना मूळ ठरावाच्या आधी मताला टाकावी लागते, आणि ती इतक्या बिनचूक शब्दांत मांडलेली त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. बीझलीने अनुमोदन दिलं. समितीचा अध्यक्ष कोण, असं वांडाबाईंनी विचारलं, तेव्हा अर्लीनबाईंनीच बीझलीचं नाव सुचवलं. जोडीला इमानी आणि क्रॉकेट. एकमताने मंजूर. पंख गरम होते. अर्लीनबाईंनी दोनदा वाढून घेतलं.

घरी जाताना त्या गाडीत गुणगुणत होत्या. पण बुधवारी सकाळी वांडाबाईंचा फोन आला आणि गुणगुणणं थांबलं. समितीची बैठक झालीसुद्धा. मंगळवारी. तिघंही हजर होती, वेळेवर. संघटनेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. बांधायचं म्हटलं की चार वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं, पाडायचं म्हटल्यावर तीन दिवसांत एका टेबलाशी बसली होती. आणि पान उतरवावं यावर तिघांचं संपूर्ण एकमत झालं होतं.

अर्लीनबाईंच्या लक्षात आलं: आपणच खणलेल्या खड्ड्यात आपणच पडलो, आणि वर माती लोटायला फावडंही स्वतःच्या हाताने दिलं.

"कधी उतरवतायत?" त्यांनी विचारलं.

"अगं, आजच उतरवणार होते," वांडाबाई म्हणाल्या. "पण तिथे एक बारीकसा प्रश्न निघाला."

प्रश्न असा: पान उतरवल्यावर त्या जागी काय दिसावं? नुसतं कोरं दिसणं बरं नाही, लोकांना वाटेल संघटना बुडाली. तेव्हा 'नवीन पान लवकरच येत आहे' अशी एक पाटी लावावी. इथपर्यंत सुरळीत होतं. मग ती पाटी कशात बनवायची हे निघालं. बीझली म्हणाला, बनवायची तर मुळापासून, उद्या दहा लाख लोक ती वाचायला आले तर? इमानी म्हणाली, पाटीची तपासणी झाल्याशिवाय ती पाटी लावू देणार नाही. क्रॉकेट म्हणाले, 'लवकरच' हा शब्द म्हणजे संघटनेने दिलेलं वचन आहे, आणि वचन देण्याचा अधिकार समितीला नाही, सर्वसाधारण सभेलाच आहे. शिवाय पाटीचा सोनेरी कुठला? बैठक चिघळली. इमानी बीझलीला म्हणाली की तुझ्या आकृतीत माझी आजीसुद्धा चोरी करेल. बीझलीने तिच्या आजीबद्दल काही म्हटलं नाही, पण बघितलं तसं. क्रॉकेटनी बैठक तहकूब केली, तो अधिकार नसताना, आणि मग स्वतःवरच हरकत घेतली.

"आता पाटीसाठी उपसमिती नेमलीय," वांडाबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "तोवर पान आहे तसं ठेवावं लागेल, अर्लीन. तू समजून घे. मला माहीत आहे तुला घाई आहे उतरवायची."

अर्लीनबाईंनी समजून घेतलं. आपण धीर धरू, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर थर्मनने विचारलं की हसतेस कशाला, तर त्यांना आणखीच हसू आलं.

मार्चची दुसरी तुकडी त्याच पिवळट पानावरून आली. आता पोरं हॉलमध्ये मावेनात, तेव्हा मदर पेटीग्रूंनी गायकवृंदाची खोलीही वर्गाला दिली. एप्रिलच्या सभेला त्यामुळे उरली ती एकच जागा, रविवारी बालवाडी भरते ती. सगळ्या खुर्च्या वीतभर उंचीच्या, लाल, निळ्या, पिवळ्या. संघटनेचे मान्यवर सभासद गुडघे छातीला लावून गोल बसले. भिंतीवर नोहाच्या नौकेचे प्राणी रंगवलेले होते. बीझली कधी नव्हे तो बसला, आणि बसल्यावर त्याला उठता येईना. त्याच अवस्थेत त्याने अहवाल दिला: उपसमितीचं काम समाधानकारक सुरू आहे, पाटीवरच्या 'लवकरच' या शब्दाबद्दल बरीच प्रगती झाली असून 'यथावकाश' असा पर्याय विचाराधीन आहे, मुदतवाढ मिळावी.

"किती?" वांडाबाईंनी विचारलं.

बीझलीने इमानीकडे पाहिलं, इमानीने क्रॉकेटकडे. क्रॉकेट निळ्या खुर्चीवरून म्हणाले की नियमात कमाल मर्यादा दिलेली नाही.

"मग मर्यादा घालूच नये," अर्लीनबाई म्हणाल्या. "काम चांगलं व्हायला हवं. समितीचे आभारही मानावेत." अनुमोदन त्यांनीच दिलं असतं, पण सूचना आणि अनुमोदन एकाच व्यक्तीने देणं नियमात बसत नाही, हे त्यांना आता झोपेतही ठाऊक होतं. ते पिवळ्या खुर्चीवरच्या एका बाईंनी दिलं. मुदतवाढ मंजूर झाली.

तेवढ्यात खालून एकच गिल्ला उठला. संघाच्या निवडीची पहिली फेरी चालू होती आणि कुणाचा तरी प्रोग्रॅम कितव्यांदा तरी आपटून शेवटी चालला होता. पाय आपटले, टेबलं वाजली, कुणीतरी कुणालातरी उचलल्यासारखा आवाज झाला. सभा थांबली. वांडाबाईंची हातोडी वर राहिली. क्षणभर सगळी मंडळी, नोहाच्या जनावरांच्या मधोमध, मान वाकडी करून ऐकत राहिली, आणि बीझलीच्या तोंडावर काहीतरी मऊ येऊ लागलं होतं तोच त्याने ते आवरलं.

"हा गोंगाट इतिवृत्तात नोंदवावा," तो म्हणाला. "सभेच्या कामात व्यत्यय येतोय."

"अनुमोदन," अर्लीन गॅडिस म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठल्या. खाली पोरं त्यांची वाट बघत होती.